सस्पेन्शनची अकाली झीज (कोल्हापूर परिसर)

कुटुंबाच्या वापरातील मोटारींचे शॉकअ‍ॅब्सॉर्बर, स्प्रिंग, लोअर आर्म, बॉल जॉइंट, लिंक रॉड आणि त्यांचे रबरी बुश अपेक्षित आयुष्य संपण्याआधीच निकामी होणे. चांगल्या रस्त्यावर शॉकअ‍ॅब्सॉर्बर 80 हजार किमी.च्या आसपास चालतो, असे ढोबळमानाने धरले जाते. कोल्हापूर शहर, उसाचा पूर्व पट्टा आणि पश्चिमेकडचे घाट यांत फिरणाऱ्या गाड्या त्याच्या बऱ्याच आधी ‘खालून वाजू’ लागतात.

कारणे : जिल्ह्याच्या पूर्व भागात काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वरचा डांबरी थर तडकतो. दिवाळीच्या सुमारास गाळप हंगाम सुरू झाला की करवीर, कागल, हातकणंगले व शिरोळ तालुक्यांतल्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्यांचे ऊसवाहू ट्रॅक्टर सुरू होतात. पावसाने खिळखिळ्या झालेल्या रस्त्यावर हे ओझे येते आणि कडा तुटतात. गगनबावडा, राधानगरीकडे अतिवृष्टी नेहमीची. 2019 व 2021 च्या महापुरांत शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गही पाण्याखाली गेला होता. फाटलेल्या रबरी बूटमधून गढूळ पाणी बॉल जॉइंटमध्ये शिरले की ग्रीस धुऊन जाते आणि सांधा महिन्यांतच ढिला होतो.

गतिरोधकांचा वाटा सहसा कमी लेखला जातो. भारतीय रस्ते महासभेच्या मानकानुसार ताशी 25 किमी. वेगासाठीचा गोलाकार गतिरोधक 3.7 मी. रुंद व 10 सेंमी. उंच असावा. गावोगावी दिसणारा उंचवटा जेमतेम हात-दीड हात रुंदीचा असतो. त्यावरून जाताना पुढच्या दोन्ही चाकांना एकदम हिसका बसतो आणि तो थेट लोअर आर्मच्या बुशवर येतो.

शहरांतर्गत रस्ते : महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ व कोल्हापूर महानगरपालिका यांनी बांधा-वापरा-हस्तांतरित करा तत्त्वावर सुमारे 50 किमी. रस्त्यांचा एकात्मिक प्रकल्प राबवला. खर्च सुमारे 220 कोटी रुपये. त्यावरील टोलविरुद्ध सर्वपक्षीय कृती समितीने प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन केले, गोविंद पानसरे त्यात अग्रभागी होते. जानेवारी 2014 मध्ये टोलनाके जाळले गेले. डिसेंबर 2015 मध्ये शासनाने टोल रद्द करण्याचा निर्णय जाहीर केला. कामाचा दर्जा व मूल्यांकन यांवर तेव्हा तीव्र मतभेद होते. रस्त्याच्या पातळीला न मिळणारी चेंबरची झाकणे मात्र आजही चाकाखाली येतात.

तपासणी : जॅकवर उचललेले चाक वर आणि खाली धरून हलवावे, हाताला खेळ जाणवला तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग संशयास्पद. डावी-उजवीकडे धरून खेळ आला तर टाय रॉडकडे पाहावे. लोअर आर्मच्या फटीत टॉमी घालून दाबल्यावर चिरलेला बुश तोंड उघडतो, एरवी तो धड दिसतो. कोल्हापूरच्या उद्यमनगर औद्योगिक वसाहतीतला जाणता मेस्त्री हे दहा मिनिटांत करतो, तरीही बहुतेक गाड्यांवर आधी फक्त अलाइनमेंट होते. ढिल्या सांध्यांवर केलेले अलाइनमेंट टिकत नाही. शॉकअ‍ॅब्सॉर्बर जोडीनेच बदलावेत.

धोके : आवाज हा त्रास आहे, धोका त्याच्यापुढे आहे. तेल गळलेला शॉकअ‍ॅब्सॉर्बर चाकाला रस्त्यावर दाबून ठेवू शकत नाही. खडबडीत उतारावर ब्रेक दाबला की चाक उड्या घेते आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागते. आंबा, करूळ किंवा फोंडा घाटात, पावसात, सात माणसे आणि सामान भरलेल्या गाडीला ते अंतर मिळत नाही. बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवे पडते आणि स्टेअरिंगचा ताबा जातो. मागून बसवलेल्या सीएनजी टाकीमुळे मागच्या स्प्रिंग कायम दबलेल्या राहतात आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर अडकवण्याचा उपाय लोकप्रिय आहे. त्याने उंची वाढते, झिजलेला भाग तसाच राहतो. हा उपाय सुचवणे प्रस्तुत लेखकाला अयोग्य वाटते.

कायदा : व्यावसायिक प्रवासी व मालवाहू वाहनांना पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांची असते. त्या काळात तिच्या सस्पेन्शनची सक्तीची तपासणी नाही. या विषयातील सर्वांत गंभीर उणीव हीच. रस्त्यांच्या जबाबदारीबाबत मात्र ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचे निर्देश दिले.

दुचाकी : फ्रंट फोर्कचे ऑइल सील गळणे व स्टेअरिंगचा कोनसेट सैल होणे ही मुख्य लक्षणे.