बाहेरचा जिना : दुबलगुंडीच्या परिसरातील एका घरगुती वास्तूचा इतिहास

बीदर आणि कलबुर्गी या दोन सीमावर्ती जिल्ह्यांच्या पट्ट्यात, हुमनाबाद तालुक्यात दुबलगुंडी हे गाव आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलाखाली असलेला हा मुलूख १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. जुन्या बीदर जिल्ह्याचे अहमदपूर, उदगीर, निलंगा हे तालुके मात्र मुंबई राज्याकडे आले. सीमा आखली गेली, परंतु घरे बांधण्याची रीत तिने तोडली नाही. लातूरकडील गावात जे माळवदाचे घर दिसते तेच हुमनाबादकडेही दिसते. त्या माळवदावर नेणाऱ्या बाहेरच्या लाकडी जिन्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय लहान वाटेल. परंतु ज्या घरातील एखादे माणूस जिन्यावरून पडून कायमचे अधू झाले आहे, त्या घराला तो लहान वाटणार नाही.

प्रथम शब्दांकडे पाहू. आपण सर्रास वापरतो तो ‘जिना’ हा शब्द फारसीतून आलेला. ‘सोपान’ संस्कृत, आणि ज्ञानदेवांच्या धाकट्या बंधूंमुळे घरोघरी पोचलेला. हलवता येणाऱ्या शिडीला ‘निसण’ म्हणतात. त्याचे मूळ संस्कृत ‘निःश्रेणी’त आहे. लाकडी जिन्याला ‘दादर’ असाही जुना शब्द आहे. दुबलगुंडीसारख्या गावात याच वस्तूला शेजारचे कन्नड भाषिक घर ‘मेट्टिलु’ म्हणते आणि शिडीला ‘एणि’. मराठीचे ‘माळवद’ आणि कन्नडचे ‘माळिगे’ हे शब्दही कानाला जवळचे वाटतात. तीन-चार भाषांनी एकाच वस्तूला आपापले नाव द्यावे, यावरूनच ती रोजच्या जगण्यात किती मुरलेली होती हे ध्यानात येते.

माळवदाच्या घराची घडण वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. दगडमातीच्या जाड भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्यांचा किंवा बारीक लाकडांचा थर, आणि त्यावर चोपून बसवलेली पांढरी माती. दोन तुळयांमधील अंतर म्हणजे खण. घर किती खणांचे यावर घराची ऐपत मोजली जाई. वरचा सपाट माळवद ही घराची दुसरी भुईच होती. उन्हाळ्यात सांडगे, पापड, कुरडया वाळत घालावयाच्या त्या तेथे. मिरच्या आणि डाळी पसरावयाच्या त्या तेथे. वैशाखातील रात्री निजावयाचे तेही तेथेच. पावसाळ्यापूर्वी माती चोपण्यासाठी आणि पन्हळीतील कचरा काढण्यासाठीही वर जावे लागे. ही बहुतेक कामे बायकांची, आणि ती करताना डोक्यावर पाटी किंवा कडेवर मूल असे. जिन्याची खरी कसोटी ही होती. धडधाकट पुरुषाला निसणही पुरते. एक हात गुंतलेल्या बाईला जिना लागतो.

वर जाण्याचा मार्ग घराच्या आतून काढावा तर मातीच्या माळवदाला तोंड ठेवावे लागते, आणि त्या तोंडातून पावसाचे पाणी आत उतरण्याची धास्ती राहते. म्हणून अनेक घरांनी जिना अंगणात, भिंतीच्या कडेने बाहेर घेतला. घर कोरडे राहिले. ओल मात्र जिन्याच्या वाट्याला आली. बाहेरच्या लाकडी जिन्याच्या सर्व अडचणी या एका गोष्टीतून निघतात.

लाकूड मुळात नाशवंत नाही. बीदरच्या किल्ल्यातील रंगीन महालाचे उदाहरण हाताशी आहे. बरीदशाही घराण्यातील अली बरीद (१५४२–१५८०) याच्या कारकिर्दीशी जोडल्या जाणाऱ्या या महालातील कोरीव लाकडी खांब आजही पाहावयास मिळतात. गुलाम याझदानी यांनी बीदरच्या वास्तूंवरील १९४७ च्या इंग्रजी ग्रंथात त्या किल्ल्याचे सविस्तर वर्णन केले आहे. छपराखाली, कोरड्या जागी असलेले चांगले लाकूड शतकानुशतके टिकते. तेच लाकूड पावसात उघडे ठेवले आणि पाण्याला निचरा दिला नाही, तर थोड्याच वर्षांत भुसा होते. शास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर लाकडातील ओलाव्याचे वजन कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिले, की कुजविणाऱ्या बुरशीला ते अनुकूल ठरते. हे पाणी लाकडात शिरते ते मुख्यतः कापलेल्या टोकातून. झाडाच्या रसवाहिन्या तेथे उघड्या पडलेल्या असतात आणि त्या वातीप्रमाणे पाणी वर ओढतात. जिन्याच्या दोन तिरक्या तुळयांची खालची टोके जमिनीत पुरली, की वात तेलात बुडविल्यासारखेच झाले.

म्हणून जाणता सुतार जिन्याचा पाय मातीत कधी ठेवीत नाही. तो गवंड्याकडून घडीव दगड बसवून घेतो, दगड जमिनीपासून वीतभर उंच ठेवतो, त्याच्या माथ्याला ढाळ देतो आणि मगच त्यावर लाकूड टेकवितो. आज दगड आणि लाकूड यांच्यामध्ये लोखंडी बूट घालून लाकडाचे टोक अधांतरी ठेवता येते, तत्त्व तेच. आपल्याकडे कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादची फरशी सहज मिळते, म्हणून पुष्कळदा पायथ्याला तीच टाकली जाते. परंतु पातळ फरशी म्हणजे पाया नव्हे. जेथे काळी जमीन आहे तेथे तर मुळीच नव्हे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्याबरोबर वरचा दगड दरवर्षी किंचित उचलला जातो व खचतो. जिना एका बाजूला कलतो, सांधे सैल होतात, सांध्यात पाणी शिरते. पायथ्याचा दगड काळी माती ओलांडून खालच्या घट्ट मुरमापर्यंत नेणे हाच त्यावर उपाय.

दुसरा प्रश्न जिना कशाला बांधावयाचा हा. भिंत जाड आहे म्हणून तिच्यात तुळईचे टोक खुपसून मोकळे होण्याची रीत पुष्कळ ठिकाणी होती. तिचा धोका काय, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आपल्या शेजाऱ्यांनी भोगले. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाहून परतलेली गावे झोपेत होती. हजारो माणसे दगावली, ती मुख्यतः दगडमातीच्या भिंती आणि माळवदावरील मातीचे ओझे अंगावर येऊन. त्या भिंतींतील दगड मातीने जेमतेम धरलेले होते. आतले व बाहेरचे थर एकमेकांपासून सुटले आणि भिंती ढासळल्या. ज्या भिंतीचा स्वतःचाच भरवसा नाही, तिच्या आधारावर जिना टांगणे म्हणजे दोघांनाही संकटात घालणे होय. बाहेरचा जिना आपल्या खांबांवर स्वतंत्र उभा असावा, खांबांना तिरके आधार द्यावेत, आणि वरचे टोक घराच्या लाकडी चौकटीला आरपार बोल्टाने जोडावे. भिंतीपासून दोन बोटे मोकळी जागा ठेवावी, म्हणजे भिंतीवरून उतरणारे पाणीही तेथे अडकून राहत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या आजोळी असा एक जिना होता. दर दिवाळीला त्याला तेलरंगाचा हात बसे, आणि पाहुण्यांना तो नवाच वाटे. एका श्रावणात आजी वाळवणाची पाटी घेऊन उतरत असता तिसऱ्या पायरीची फळी मधोमध मोडली. वरचा रंग अखंड होता. आत लाकूड उरलेच नव्हते. पायरीच्या खालच्या बाजूला कोणी कधी वाकून पाहिले नव्हते. आजीचे मांडीचे हाड मोडले, आणि पुढे ती माळवदावर कधी चढली नाही. ज्या सुताराला त्यानंतर बोलावले त्याने रंगाकडे पाहिलेसुद्धा नाही. टोच्या काढून तो सरळ प्रत्येक सांध्याच्या खालच्या अंगाला टोचीत गेला. जेथे टोच्या लोण्यात जावा तसा गेला, तेथे त्याने खडूने फुली केली. फुल्या सात झाल्या.

बलुतेदारीच्या काळी गावच्या सुताराकडे शेतीची अवजारे दुरुस्त करण्याचे काम वर्षाच्या धान्याच्या बोलीवर असे. घरबांधणीचा मोबदला सामान्यतः वेगळा ठरे. तरी तो गावातच राहणारा, रोज अंगणावरून जाणारा माणूस होता. सैल झालेली पायरी त्याच्या नजरेतून सुटत नसे, आणि आपल्या हाताने बसविलेली पायरी मोडली तर तोंड दाखविणे त्यालाच कठीण होई. त्या व्यवस्थेत जातीचे जोखड होते, हे विसरता येणार नाही. ती गेली हे उचितच झाले. परंतु तिच्याबरोबर दरवर्षीची ती देखरेखही गेली, आणि तिची जागा आपण कशानेही भरून काढली नाही.

आता मापांविषयी. चढताना पायाला पायऱ्यांचा ताल लागतो, आणि तो मोडला की माणूस पडतो. फ्रेंच वास्तुशास्त्रज्ञ फ्रान्स्वा ब्लाँदेल याने सतराव्या शतकात एक सूत्र सांगितले : पायरीच्या उंचीची दुप्पट आणि तिची रुंदी यांची बेरीज माणसाच्या एका पावलाएवढी असावी. आजच्या मापात ती साधारण ६० ते ६५ सेंटिमीटर धरतात. १९७० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि २०१६ मध्ये सुधारलेल्या आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या घराच्या पायरीची उंची १९ सेंटिमीटरांहून अधिक नसावी, रुंदी २५ सेंटिमीटरांहून कमी नसावी, आणि सलग पंधराहून अधिक पायऱ्या असू नयेत. तीन मीटर उंचीच्या माळवदासाठी अठरा चढ धरले, तर प्रत्येक चढ सुमारे १६.७ सेंटिमीटरांचा होतो. पायरी २८ सेंटिमीटर रुंद ठेवली की ब्लाँदेलची बेरीज ६१ च्या वर जाते. नऊ-नऊ चढांचे दोन भाग आणि मध्ये मीटरभर सपाट जागा धरली, तर सरळ जिन्याला भिंतीच्या कडेने सुमारे साडेपाच मीटर लांबी लागते. एवढी जागा नाही म्हणून जिना उभा करण्यापेक्षा तो मधल्या सपाट जागेवर वळविणे श्रेयस्कर.

सर्व चढ सारखे असणे हे उंचीइतकेच महत्त्वाचे. अंगणात मागाहून फरशी बसविली की पहिला चढ आपोआप आखूड होतो, आणि ठेच लागते ती तेथेच. पायऱ्यांच्या फळ्यांत पाणी निथळण्यापुरती फट आणि पुढे किंचित ढाळ हवा. दोन पायऱ्यांमधून किंवा कठड्याच्या गजांमधून लहान मुलाचे डोके जाणार नाही अशी, दहा सेंटिमीटरांच्या आतलीच, जागा ठेवावी. कठडा मीटरभर उंच आणि मुठीत मावेल असा असावा. साधा खिळा ओल्या लाकडात गंजतो आणि सांधा सोडतो. म्हणून जस्ताचा मुलामा दिलेले स्क्रू व बोल्टच वापरावेत.

लाकूड निवडताना सागाचा गाभा घ्यावा; सालीलगतचा पांढरट भाग सागाचा असला तरी वाळवी त्याला सोडीत नाही. लाकडाला औषध पाजून टिकविण्याच्या शास्त्रात भारताचा वाटा मोठा आहे. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी १९३३ साली तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे जे मिश्रण सिद्ध केले, ते पुढे जगभर तारेच्या खांबांना आणि पुलांच्या लाकडांना वापरले गेले. परंतु त्यातील आर्सेनिक विषारी असल्याने अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती कामांतून ते मागे घेण्यात आले. जेथे रोज हात लागतो, मुले खेळतात, तेथे आर्सेनिकविरहित औषधच वापरणे योग्य. जवसाच्या तेलाचा हात आपल्याकडे परंपरेने दिला जातो. तो पाणी काही काळ थोपवितो, पण पायथ्याची चूक झाकून नेत नाही.

गावचा हा जिना शहरात गेला तेव्हा त्याच्यावरचा भार अनेक पटींनी वाढला. मुंबईच्या गिरगाव, लालबाग, परळ या भागांतील जुन्या चाळींचे लाकडी जिने आणि सज्जे एका कुटुंबाचे नव्हते. शेकडो माणसे त्यांवरून रोज जात-येत. जिना सर्वांचा, म्हणून दुरुस्ती कोणाचीच नाही, अशी स्थिती आली. मोडकळीस आलेल्या इमारतींचा प्रश्न इतका गंभीर झाला की १९६९ साली त्यांच्या दुरुस्ती व पुनर्रचनेसाठी स्वतंत्र कायदा करून उपकर बसवावा लागला. त्याच शहरात अनेक इमारतींच्या मागील अंगाला सफाई कामगारांसाठी वेगळे, बहुधा लोखंडी, गोल जिने होते. पुढच्या जिन्यावरून ज्यांना येऊ दिले जात नव्हते, त्यांच्यासाठी मागचा अरुंद व निसरडा जिना ठेवला गेला. जिना कोणासाठी किती काळजीने बांधला, यावरून त्या समाजाने कोणाच्या जिवाचे मोल किती मानले हे कळते.

एक इशारा शेवटी द्यावयास हवा. बाहेरचा लाकडी जिना आगीतून सुटकेचा मार्ग म्हणून धरता येत नाही; त्या कामासाठीचा जिना न जळणाऱ्या पदार्थाचाच असावा, असे इमारत संहिता सांगते. शाळा, सभागृह, ग्रंथालय यांच्या चालकांनी हे विशेष ध्यानी ठेवावे. कागद जेथे साठला आहे तेथे उतरण्याचा एकमेव मार्ग लाकडाचा असू नये.

शताब्दीच्या या ग्रंथात जिन्याला जागा का, असे कोणी विचारील. पुस्तकाला कसर आणि लाकडाला वाळवी लागते ती कोणी पाहत नसताना. ग्रंथपाल दरवर्षी कपाटे उघडून पुस्तके उन्हाला दाखवितो, म्हणून शंभर वर्षांपूर्वीचे पान आज वाचता येते. जिन्यालाही तेवढेच हवे असते. अक्षय्यतृतीया झाली की, मृगाचा पाऊस येण्यापूर्वी एक सकाळ काढावी, टोच्या घेऊन जिन्याच्या खाली शिरावे, आणि वरच्या रंगावर विश्वास न ठेवता पायथ्यापासून प्रत्येक सांधा तपासावा.