किर्लोस्करवाडी ते रेडिंग, कोलंबस ते फलटण

परदेशात धंदा करायचा तर कसा शिरायचं? माल पाठवायचा, एजंट नेमायचा, भागीदार शोधायचा, की तिथली कंपनीच विकत घ्यायची? एमबीएचा धडा वाटतो, पण सातारा-सांगलीत बसून हे सगळे प्रकार बघता येतात. दोन्ही बाजूंनी.

आधी आपल्याकडे कोण आलं ते बघू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर इंग्लंडहून आलेल्या सायकली विकायचे. म्हणजे त्या इंग्रज कारखानदारांसाठी आपले लक्ष्मणराव हे इथलं दुकान! ना कारखाना टाकायचा त्रास, ना माणसं सांभाळायचा. पण माल विकणाऱ्याला हळूहळू वाटायला लागतं, हे आपणच का बनवू नये? मग कडबा कापायचं यंत्र आलं, लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमिनीत विष उतरतं, असं शेतकरी म्हणायचे. घरच्याच बाजारात शिरायला एवढा त्रास, परदेशाचं सोडाच.

1910 मध्ये औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडलजवळ 32 एकर माळरान आणि 10 हजार रुपये कर्ज दिलं. औंध आज साताऱ्यात, किर्लोस्करवाडी सांगलीत. तेव्हा संस्थान एकच.

आता अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावची डिझेल इंजिनांची कंपनी, कमिन्स. 1962 मध्ये तिने भारतात पाऊल टाकलं ते किर्लोस्करांचा हात धरून. किर्लोस्कर कमिन्स, पुण्याला. लायसन्स-परमिटचा काळ तो. नुसता माल आयात करून विकणं अवघड, परवानगी मिळवायची तर इथला माणूस हवा. दोघांचीही सोय होती. पण सामायिक विहिरीचं तुम्हाला माहीतच आहे! पाणी भरपूर असलं तरी मोटर कोणाची आणि पाळी कधी, हा प्रश्न सुटत नाही. 1991 नंतर परकीय कंपन्यांना निम्म्याहून जास्त मालकी घ्यायची वाट मोकळी झाली आणि त्याच दशकात किर्लोस्कर या भागीदारीतून बाहेर पडले. नाव उरलं कमिन्स इंडिया, मूळ कंपनीची मालकी 51 टक्के. पुढे याच कमिन्सने साताऱ्यातल्या फलटणला कारखान्यांचं मोठं संकुल उभं केलं. आता वाट दाखवायला कोणी नको होतं.

यात किर्लोस्कर हरले, असं पटकन म्हणता येतं. मला ते पटत नाही. तीसेक वर्षं जगातलं चांगलं इंजिन इथल्या कामगारांच्या हातून बनलं, ते कौशल्य काही परत कोलंबसला गेलं नाही. पण भागीदारी करताना ती मोडायची कशी, हे आधी ठरवलेलं बरं. लग्नात कोणी हे बोलत नाही, धंद्यात बोलावं.

आणि आता उलटी वाट. किर्लोस्करवाडीचे पंप जुने, नाव मोठं, पण ब्रिटनमधल्या एखाद्या इमारतीत आग विझवायचा पंप बसवायचा तर तिथला माणूस नाव विचारणार, मान्यता विचारणार, रात्री दोनला बिघडला तर कोण येणार ते विचारणार. हा विश्वास कंटेनरमधून पाठवता येत नाही. 2003 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्सने इंग्लंडमधल्या रेडिंगची एसपीपी पंप्स ही कंपनीच विकत घेतली. 1875 पासूनचा वारसा सांगणारी कंपनी, खुद्द किर्लोस्करवाडीपेक्षा 35 वर्षांनी थोरली! महाग वाट आहे ही, पण नाव, गिऱ्हाईक आणि दुरुस्तीची माणसं एकदम मिळतात. थायलंडलाही त्यांची कंपनी होतीच.

2018 च्या जुलैत थायलंडच्या थाम लुआंग गुहेत 12 मुलं आणि त्यांचा कोच अडकले होते, आठवतंय? पाणी उपसायला मदत करायला किर्लोस्करांची माणसं भारत, थायलंड आणि ब्रिटनमधून तिथे पोचली. आणि गरज पडली तर विमानाने न्यायला चार ऑटोप्राइम पंप तयार ठेवले होते. ऑटोप्राइम हे नाव एसपीपीचं. पंप उभे होते किर्लोस्करवाडीत.