वाळूचा थर आणि दोन ट्यूबा

अमेरिकेतल्या मोठ्या विमानतळांवर उतरल्यावर आपण पाट्या वाचत, मुलांना ओढत पुढे जातो. खाली फारसं कुणी पाहत नाही. पुढच्या वेळी पाहा. मायामीला गेलात तर मुद्दाम पाहा. तिथे मिशेल ओका डोनर या शिल्पकर्तीने गडद फरशीत ब्राँझचे शंख, शेवाळं, समुद्री जीव आणि शिंपल्यांचे चमकते तुकडे बसवले आहेत, आणि ही फरशी मैलाहून अधिक लांब पसरली आहे. या प्रकाराला इथे टेराझो म्हणतात. ज्यांचं लहानपण दादरला, गिरगावात किंवा पुण्याच्या एखाद्या जुन्या सोसायटीत गेलं, त्यांना हा प्रकार नवा नाही. संगमरवराच्या चिप्स सिमेंटमध्ये कालवायच्या, थर सुकला की तो घासून गुळगुळीत करायचा. आपण त्याला मोझॅक म्हणायचो, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी त्याच्यावर उघड्या पाठीने लोळायचो.

पण आजच्या बहुतेक नव्या विमानतळांवरची फरशी आणि आजोळची मोझॅक यांत एक मोठा फरक आहे. मोझॅकमध्ये चिप्सना धरून ठेवायला सिमेंट असे, आता तिथे इपॉक्सी रेझिन आलं आहे. दिसण्यात हा बदल जवळपास कळतही नाही. खालच्या काँक्रीटशी फरशीचं नातं मात्र त्याने पार बदलून टाकलं. मी तुम्हाला सांगणार आहे ती त्या नात्याची गोष्ट.

सुरुवात इटलीत होते. व्हेनिसच्या उत्तरेला फ्रिऊली नावाचा प्रदेश आहे. तिथल्या स्पिलिंबेर्गो, सेक्वाल्स या गावांतले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या व्हेनिसच्या वाड्यांमधल्या फरशा घालत आले. पुढे पोटासाठी ते युरोपभर आणि अमेरिकेत पसरले. आपल्यासारखेच परदेशी गेलेले लोक, फक्त पदवीऐवजी हातात थापी घेऊन. स्पिलिंबेर्गोत १९२२ साली मोझॅक शिकवणारी शाळा निघाली, ती आजही चालू आहे. योगायोग असा की त्याच १९२२ साली मुंबईत सिधवा कुटुंबाने भारत टाइल्स सुरू केली. परदेशातून येणाऱ्या फरश्यांना स्वदेशी पर्याय द्यावा, ही त्यामागची प्रेरणा होती. मुंबईच्या आर्ट डेको इमारतींमध्ये आपण जे पाय ठेवले, त्यातल्या कितीतरी फरश्या त्यांच्या साच्यातून निघालेल्या आहेत.

अमेरिकेत टेराझो घालण्याची जी उत्तम रीत रूढ झाली, ती मला या सगळ्या इतिहासातली सर्वात शहाणी गोष्ट वाटते. स्लॅबवर आधी वाळूचा पातळ थर पसरायचा. त्यावर डांबरी कागद. त्यावर तारेची जाळी घातलेला सिमेंटचा जाड थर, आणि सर्वात वर चिप्सचा अर्ध्या इंचाचा थर. सगळं मिळून जाडी सुमारे तीन इंच. हा उपद्व्याप कशासाठी? तर फरशी स्लॅबला चिकटू नये म्हणून. काँक्रीट सुकताना आकसतं, उन्हाने वाढतं, थंडीने लहान होतं, इमारत बसते तेव्हा तडकतं. वाळूमुळे स्लॅब खाली काय हवं ते करो, फरशी वर निवांत. शिवाय मध्ये पितळेच्या किंवा जस्ताच्या पट्ट्या घालायच्या. आपण त्यांना नक्षीचा भाग समजतो, पण त्या मुळात तड्याला दिलेली वाट आहेत: फुटायचंच असेल तर इथे फुट. आपल्याकडच्या मोझॅकने तेच काम वेगळ्या रीतीने केलं. पंचवीस सेंटिमीटरची एकेक टाइल, म्हणजे दर पंचवीस सेंटिमीटरवर एक सांधा.

थोडक्यात, काँक्रीटला घट्ट चिकटण्याच्या फंदात शक्यतो पडायचं नाही, असं जुन्या गवंड्यांचं धोरण होतं. या धोरणाला सुरुंग लावला तो एका कवळीने.

पिएर कास्ताँ हा स्विस रसायनशास्त्रज्ञ डी ट्रे या दंतवैद्यकीय साहित्याच्या कंपनीत काम करत होता. त्याला कवळीसाठी असा पदार्थ हवा होता, जो साच्यात घट्ट होताना आकसणार नाही. इपॉक्सी रेझिनमध्ये त्याला तो गुण सापडला, आणि १९३८ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. दातांच्या बाजारात त्याचं काही जमलं नाही. बाझलच्या सिबा कंपनीने ते हक्क घेतले, आणि १९४६ मध्ये ते चिकटद्रव्य म्हणून लोकांसमोर आणलं. नाव दिलं अ‍ॅराल्डाइट. होय, तेच. दोन ट्यूबा, काडीने सारख्या मापात कालवायच्या, आणि मग कपाचा कान, चष्म्याची दांडी, देवघरातल्या मूर्तीचा हात, काहीही जोडायचं. भारतातला त्याचा व्यवसाय २०२० मध्ये पिडिलाइटने, म्हणजे फेविकॉलवाल्यांनी, घेतला. अमेरिकेत त्याच सुमारास सिल्व्हन ग्रीनली हा रसायनतज्ज्ञ रंगांच्या उद्योगासाठी याच रेझिनवर काम करत होता.

आकसत नाही म्हणूनच ते काँक्रीटच्या लोकांच्या नजरेत भरलं. घट्ट होताना आकसणारा गोंद स्वतःच्या जोडावरच ताण आणतो. इपॉक्सीत हा त्रास कमी. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी याचं एक उदाहरण चाकाखाली ऐकलेलं आहे. लेन बदलताना गाडीखाली टक्‌ टक्‌ टक्‌ आवाज करणारे पांढरे गोल ठिपके. राज्याच्या महामार्ग खात्यात एल्बर्ट बॉट्स यांच्या देखरेखीखाली त्यांच्यावर काम झालं, म्हणून ते बॉट्‌स डॉट्स. सुरुवातीला ते खिळ्यांनी ठोकत. ठिपका निघाला की खिळा वर राही आणि टायर फाटे. १९५४ च्या सुमारास खात्याने काँक्रीटच्या रस्त्यावर ते इपॉक्सीने चिकटवण्याचा विचार सुरू केला, आणि खिळा गेला. ट्रक वरून जातात, ऊन तापतं, तरी ठिपका धरून राहतो, हे हजारो मैलांवर सिद्ध झालं.

मग फरशीवाल्यांना हे नको का वाटेल? तीन इंचांचं काम पाव ते तीन अष्टमांश इंचात होऊ लागलं. जुन्या पद्धतीत एका चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो वजन पडे, ते वीसच्या आसपास आलं. उंच इमारतींच्या वरच्या मजल्यांवर टेराझो परवडू लागला. सिमेंटच्या करड्या-पांढऱ्या मर्यादेत न बसणारे निळे, लाल, हिरवे रंग मिळू लागले. १९७० नंतर हा प्रकार झपाट्याने पसरला. आणि वाळूचा थर गेला. फरशी थेट स्लॅबला चिकटली, आणि स्लॅबचं सगळं सुखदुःख तिचं झालं.

इथे काँक्रीटविषयी थोडं सांगायला हवं, कारण आपण त्याला दगड समजतो आणि तिथेच फसतो. ते दगडापेक्षा कडक झालेल्या स्पंजासारखं आहे. सिमेंटच्या रासायनिक क्रियेला त्याच्या वजनाच्या साधारण पाव पट पाणी लागतं. पण तेवढंच घातलं तर माल हलत नाही, म्हणून प्रत्यक्षात सुमारे दुप्पट घालतात. उरलेलं पाणी महिनोन्‌महिने बाहेर पडत राहतं आणि मागे बारीक नळ्यांचं जाळं सोडतं. अठ्ठावीस दिवसांत काँक्रीट मजबूत होतं, कोरडं होत नाही. दर इंच जाडीला एक महिना, हा सुकण्याचा ढोबळ हिशेब. जमिनीला लागून असलेल्या स्लॅबखाली प्लॅस्टिकचा कागद नसेल, तर ओल खालून कायमच येत राहते.

त्यात ही ओल साध्या पाण्याची नसते. काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असतं, ताज्या काँक्रीटचा पीएच १२ च्या वर. तेलाचे रंग त्यावर टिकत नाहीत, कारण अल्क त्यांचा अक्षरशः साबण करतं. इपॉक्सीच्या रेणूत तो साबण होणारा दुवा नसतो, त्यामुळे ते या परीक्षेत पास होतं. पण काँक्रीट आणि रेझिन यांच्या मध्ये क्षारांचं पाणी साठलं, तर परासरणाने आणखी पाणी ओढलं जातं आणि फरशीला फोड येतात. असा फोड फोडला तर आत चिकट द्रव असतो. घट्ट दिसणाऱ्या फरशीला पाण्याने भरलेले फोड येतात, हे पहिल्यांदा बघणाऱ्याला खरंच वाटत नाही.

दुसरा घात करते ती साय. काँक्रीट ओतल्यावर पाणी वर येतं आणि सोबत सिमेंटची बारीक भुकटी आणतं. सुकल्यावर तिचा कमकुवत पापुद्रा बनतो. युरोप-अमेरिकेत त्याला जे नाव आहे, ते फ्रेंचमधल्या दुधाच्या शब्दावरून आलेलं आहे, म्हणून मी साय म्हणतो. रेझिन या सायीला घट्ट चिकटतं, आणि साय काँक्रीटवरून सुटते. पूर्वी ती अॅसिडने धुऊन काढत. त्याने पाणी आणखी मुरे. आता पोलादी छर्रे वेगाने मारून पृष्ठभाग खरबरीत करतात. पाट्याला टाकी लावतात तसंच हे. किती खरबरीत, यावर वाद होत, म्हणून अमेरिकेतल्या काँक्रीट दुरुस्ती संस्थेने रबराचे नमुने काढले, आधी नऊ, आता दहा. हात फिरवून ताडून पाहायचे.

जोड किती पक्का, हे बघायची चाचणी मला फार आवडते. फरशीवर रुपयाच्या नाण्याहून मोठी धातूची चकती चिकटवायची आणि यंत्राने सरळ वर ओढायची. चकतीसोबत काँक्रीटचा लचका वर आला, तर काम उत्तम. म्हणजे गोंद जिंकला, काँक्रीट हरलं. सुटलेल्या फरशीच्या पाठीवर पांढरी धूळ दिसली, की समजावं साय राहिली होती. ओल दिसली तर घाई झाली होती. बहुतेक वेळा रेझिनला शिव्या बसतात, आणि त्याचा दोष फार थोडा असतो, असं माझं मत आहे.

अपवाद मात्र आहेत, आणि त्यातला एक भयंकर. १० जुलै २००६ च्या रात्री बॉस्टनला लोगन विमानतळाकडे जाणाऱ्या बोगद्यात छताचे काँक्रीटचे तुकडे एका मोटारीवर कोसळले आणि एक स्त्री दगावली. छत टांगलेले बोल्ट वरच्या काँक्रीटमध्ये इपॉक्सीने बसवलेले होते. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत निघालं, की वापरलेलं लवकर घट्ट होणारं इपॉक्सी कायमच्या ओढीखाली हळूहळू सरकत गेलं. काही तासांच्या चाचणीत जो जोड पोलादासारखा वाटतो, तो वर्षानुवर्षांच्या भाराखाली दाट पाकासारखा वागू शकतो. फरशीवर अशी ओढ नसते, म्हणून तिथे कुणाच्या डोक्यावर काही पडत नाही. पण किंमत असतेच. ही दोन द्रव्यं रोज कालवणाऱ्या कामगारांच्या हातांना हार्डनरची अ‍ॅलर्जी होते, आणि एकदा झाली की पुढे थोडा स्पर्शही पुरतो. काहींना हा धंदाच सोडावा लागतो. जुन्या फ्रिऊली कारागिरांचे गुडघे जात, यांची कातडी जाते.

आता गंमत अशी, की चांगले कंत्राटदार स्लॅब आणि इपॉक्सी टेराझो यांच्या मध्ये पुन्हा एक थर घालू लागले आहेत. लवचीक रेझिनचा. खालचा तडा वर येऊ नये म्हणून. वाळू आणि डांबरी कागदाचं काम आता तो करतो, फक्त त्याचा भाव वाळूपेक्षा बराच जास्त आहे.

तुमच्यापैकी काहीजण गॅरेजमध्ये रंगीत चकत्या टाकलेलं इपॉक्सी करून घ्यायच्या विचारात असतील. हल्ली दर दुसऱ्या घरी तो बेत शिजतोय. सेल्समन रंगांचे नमुने दाखवेल. तुम्ही त्याला ओलाव्याबद्दल विचारा. त्याआधी स्वतः एक करा: दीड फुटाचा चौकोनी पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद काँक्रीटवर पसरा, चारी बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा आणि निदान सोळा तास तसाच ठेवा. काढल्यावर खाली दव किंवा काळपट डाग दिसला, तर काम पुढे ढकला. काही दिसलं नाही, तरी ही परीक्षा फक्त वरच्या कातडीची आहे. आतलं कळायला स्लॅबमध्ये त्याच्या जाडीच्या चाळीस टक्के खोल भोक पाडून आर्द्रता मोजतात. कंत्राटदार हे भोक पाडायला नाही म्हणाला, तर दुसरा बघा.