कशावरून?
१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावी पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. अफवा फिरली होती मोबाईलवरून.

त्याच वर्षी केरळात, कण्णूरचे जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी सुमारे १५० सरकारी शाळांतून ‘सत्यमेव जयते’ हे वर्ग सुरू केले. गोवर-रुबेला लसीविषयीच्या खोट्या संदेशांनी तेथील पालक आदल्याच वर्षी बिथरले होते. आलेला संदेश पुढे धाडण्यापूर्वी तो मूळ कोणाचा, त्यास आधार काय, हे पाहावे, एवढाच धडा. दिसावयास किती सोपा! परंतु असे संदेश बहुधा घरातील वडीलधारीच पाठवितात. आणि वडिलांना ‘कशावरून?’ असे विचारणाऱ्या मुलास आपण अद्याप उद्धटच म्हणतो.