पंचपदीचे पहिले पद

हर्बार्टच्या नावाने चालणारी पंचपदी घोकून शिक्षक झालेल्या कितीतरी पिढ्या आपल्याकडे होऊन गेल्या. तिचे पहिले पद मुलाच्या पूर्वज्ञानाचे. नवे ज्ञान जुन्याला सांधले तरच टिकते. तत्त्व खरे आहे. पण त्यासाठी मुलाला प्रश्न विचारावा लागतो, आणि त्याआधी त्याला वर्गात बसू द्यावे लागते!

दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे (जन्म १९०३) शिष्यवृत्ती मिळवून महाडच्या इंग्रजी शाळेत गेले, तेव्हा अस्पृश्य म्हणून त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. या मुलाने थेट वृत्तपत्राला पत्र लिहिले. प्रवेश मिळाला, परंतु बसायचे इतरांपासून वेगळे. शब्द तर कानी पडतात, मग शिकण्यात उणे काय, असे कोणी म्हणेल. इतरांबरोबरच्या सामाईक व्यवहारात भाग घेऊनच माणूस शिकतो, हे जॉन ड्यूई यांनी १९१६ साली ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’मध्ये मांडले. त्यांचे कोलंबियातील विद्यार्थी डॉ. आंबेडकर मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेला आले आणि २० तारखेला चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्या परिषदेच्या संघटकांत मोरे होते. यात ड्यूईंचा वाटा किती, हा वाद पंडितांनी घालावा; वेगळे बसवलेल्या मुलाला तो सिद्धांत पुस्तकावाचून कळला होता.

आजही पोलादपूर-महाडच्या वर्गात सावित्रीचा धडा निघतो, तेव्हा जुलै २०२१ चा पूर पाहिलेली मुले समोर असतात. पाणी कोठवर चढले, ते आधी त्यांनी सांगावे. खाडीला भरती असली की पुराचा निचरा का रखडतो, ते मग गुरुजींनी नकाशावर दाखवावे.