घनाकृतींची पारख

ऑयलर या थोर गणितज्ञानें १७५० च्या नोव्हेंबरांत आपला मित्र गोल्डबाख यास पत्रानें एक चमत्कारिक नियम कळविला. सपाट पृष्ठांची कोणतीहि घनाकृति घ्या. कोपरे आणि पृष्ठें यांच्या बेरजेंतून कडा वजा करा. उत्तर २ च येतें. सोंगटीच्या फांशाचें पहा. घनाकार फांशाला कोपरे ८, पृष्ठें ६, कडा १२. चौदांतून बारा गेले, उरले दोन.

पण घनाकृति कशास म्हणावें, हें ऑयलरनें कांटेकोरपणें ठरविलें नव्हतें. आमच्या वर्गांतील मुलें 'पक्ष' न वाचतांच 'साध्या'कडे धांवत, तेव्हां मला नेहमीं हा इतिहास आठवे!

१८१३ सालीं जिनीव्हाच्या ल्हुइलिएनें आरपार भोंक असलेल्या आणि आंत पोकळी असलेल्या आकृति अपवाद म्हणून पुढें मांडल्या. १८३२ सालीं जर्मनींतील हेसेल यानें पारदर्शक स्फटिकाच्या पोटांत दुसरा घनाकार स्फटिक पाहिला. घनांत घन धरला तर कोपरे १६, पृष्ठें १२, कडा २४, उत्तर ४! हेसेलची दुसरी कल्पना मला अधिक मार्मिक वाटते. चार-चार त्रिकोणांचे दोन सुळके एकाच कडेवर जोडा. कोपरे ६, पृष्ठें ८, कडा ११, उत्तर ३. येथें दोष उघड दिसतो: प्रत्येक कडेवर दोनच पृष्ठें मिळावींत, त्या सामाईक कडेवर चार मिळतात.

पुढें १८६५ सालीं मोबियसनें घनफळाचा प्रश्न हातीं घेतला. प्रत्येक पृष्ठाभोंवतीं फिरण्याची एक दिशा ठरवावी. शेजारच्या दोन पृष्ठांनीं सामाईक कड परस्परविरुद्ध दिशांनीं ओलांडली पाहिजे. ही अट पाळली गेली नाहीं तर आंत कोणतें, बाहेर कोणतें, याचाच पत्ता लागत नाहीं, आणि घनफळ या शब्दालाहि अर्थ उरत नाहीं.

ही चर्चा केवळ पंडितांची राहिली नाहीं. आज संगणकांत यंत्राचा भाग किंवा रुग्णाचें हाड त्रिकोणांच्या जाळ्यानें रेखाटतात. १९८० नंतरच्या दशकांत त्रिमित मुद्रणासाठीं निघालेल्या 'एसटीएल' नांवाच्या नोंदींत प्रत्येक त्रिकोण सुटा लिहिलेला असतो. त्याचा शेजारी कोण, याचा उल्लेखच नाहीं. एकच कोपरा अनेकदां लिहिला जातो, आणि दशांशांत किंचित् फरक पडला कीं तेथें चीर पडते. यंत्र बहुधा तक्रार करीत नाहीं. तें निमूटपणें चुकीचें घनफळ सांगून मोकळें होतें! म्हणून जाणते लोक हिशेबापूर्वीं जाळें तपासतात: कडेवर दोनच त्रिकोण आहेत ना, दिशा जुळतात ना, शून्य क्षेत्रफळाचा त्रिकोण शिरला नाहीं ना, पृष्ठें एकमेकांस छेदीत नाहींत ना.

यांतील पुष्कळ दोष यंत्रच दुरुस्त करतें. परंतु एखादें छिद्र नजरचुकीनें राहिलें कीं मुद्दाम ठेवलें, हें त्यास कळत नाहीं. तें आकृति काढणाऱ्यासच विचारावें लागतें.