मवाली आणि रूड्सबी

परवा कळव्यातील एका बैठकीत, चाळीत नव्याने आलेल्या बिऱ्हाडांची दंगेखोर मुले 'मवाली' ठरविली गेली. आम्हांस त्या शब्दाचे मूळ आठवले. अरबीतील 'मौला'चे हे अनेकवचन. उमय्या खलिफांच्या राजवटीत (६६१–७५०) इस्लाम स्वीकारणाऱ्या इराणी आदी बिगर-अरबांस एखाद्या अरब टोळीचे आश्रित व्हावे लागे, तेच मवाली. धर्म एक झाला तरी मान दुय्यमच; पुष्कळदा जिझियाही त्यांच्याकडून वसूल होई! अब्बासींच्या उठावास त्यांचे मोठे बळ लाभले. पुढे फारसीच्या वाटेने हा शब्द आपल्याकडे आला आणि आश्रिताचा गुंड झाला.

इंग्रजीत अशा दांडगटास एके काळी 'रूड्सबी' म्हणत. 'रूड' म्हणजे असभ्य. त्यास आडनावासारखे शेपूट जोडलेले, जणू तेही एक घराणेच. शेक्सपिअरच्या 'ट्वेल्फ्थ नाइट' नाटकात ऑलिव्हिया आपल्याच घरी राहणाऱ्या सर टोबी या मद्यपी आप्तास हा शब्द ऐकविते. परक्यास नव्हे, हे ध्यानी घ्यावे. तो शब्द आता कोशात निजला आहे. आपला मवाली मात्र हिंडताफिरता आहे.

बैठकीत आम्ही एवढेच विचारले, की ही बिऱ्हाडे कोठून आली? कोणासही सांगता आले नाही.